सरकीचं पोतं अन् साडेतीनशेची फटफटी

राजीनामा मी माझ्याच अक्षरात लिहिला होता. तारखेची जागा तेवढी कोरी सोडली होती. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो हातात घेतला, उलटा की सुलटा तेही न पाहता त्याची चौघडी केली आणि देवाच्या कोनाड्यात गणपतीच्या मागं खोचून ठेवला. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण कागदानं काय काय होऊ शकतं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"आता आयक," ते म्हणाले. "शनिवारी घरात दिवा लागायच्या आत तुहा पाय उंबऱ्याच्या आत पाह्यजे. एक डाव चुकली, का सोमवारी हा कागद घेऊन मी पांढुर्ण्याले जातो. मंग नोकरी-फिकरी काही नाही."

मी पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि सासर होतं सौंसरला. आठवडाभर पांढुर्ण्यात मावशीकडे राहायचं, शनिवारी शाळा सुटली की सौंसर, सोमवारी पहाटे परत. नकाशात ही दोन गावं अगदी शेजारी दिसतात. तो नकाशा काढणाऱ्याला एकदा आमच्या सर्व्हिस मोटारीत बसवायला हवं होतं! पांढुर्णा मोठ्या रेल्वेवर, सौंसर छोट्या रेल्वेवर, आणि दोन्ही गाड्या भेटायच्या थेट नागपुरात. मधे राहिला तो पंधराएक कोसांचा मुरुमाचा रस्ता. त्यावर एकच मोटार. ती भरल्याशिवाय हलायची नाही, आणि हलली की वाटेत कुठंतरी बसायची. दोन शनिवारी ती बसली आणि दोन्ही वेळा मी अंधारात घरी पोचले. दुसऱ्या वेळी गल्लीतल्या बाया ओट्यावर उभ्या राहून माझी वाट पाहत होत्या. काळजीनं नव्हे, हे सांगायला नकोच. त्याच रात्री मामाजींनी माझ्यासमोर कागद ठेवला.

बदली मागावी तर त्याचीही सोय नव्हती. त्याच, छप्पन सालच्या दिवाळीच्या सुमारास राज्यांची फेररचना झाली होती. नागपूर, जे आमचं बाजारहाटाचं, शिक्षणाचं, दवाखान्याचं गाव, ते परक्या राज्यात गेलं आणि आम्ही भोपाळचे झालो. कोणाची फाइल कुठं पडली आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं. फायली जागेवर लागेपर्यंत बदल्या बंद, एवढंच उत्तर मिळायचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

आणि मला ती नोकरी हवी होती. भाकरीसाठी नव्हे. घरी संत्र्याचा बगीचा होता, कापूस होता, खाऊनपिऊन सुखी होतो. पण चौथीच्या वर्गात मी शिरले की चाळीस पोरी उभ्या राहायच्या, आणि त्या क्षणी मी कोणाची सून, कोणाची बायको नसायची. ते गेलं असतं तर मी मेले नसते. पण आतून सुकले असते, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याची मला भयंकर भीती वाटत होती.

तोडगा काढला आमच्या यांनी. हे बगीचा पाहायचे, मॅट्रिक झालेले, आणि यांना एकच वेड होतं, फटफटीचं. कुठल्या कुठल्या विलायती कंपन्यांची जुनी माहितीपत्रकं यांनी ट्रंकेत जपून ठेवलेली. लग्नानंतर मला वाटलं, पत्रं असतील कोणाची! उघडून पाहते तर सगळी चाकं.

"आपण फटफटी घेऊ," हे म्हणाले. "शनिवारी मी तुले घ्यायला येतो. मोटारीची गरजच नाही."

मामाजी नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण मामाजी पटाचे शौकीन. शंकरपटात बैलजोड्या पळवण्यात त्यांचं सगळं तारुण्य गेलं होतं. पळणारी कोणतीही वस्तू दिसली की त्यांचे डोळे चमकायचे. ते म्हणाले, "घे. पण निवडीन मी."

घ्या! ज्या माणसानं जन्मात सायकलचं हँडल धरलं नाही, तो फटफटी निवडणार आणि त्यावर माझी नोकरी टांगलेली.

पटाच्या बैलांबद्दल एक गोष्ट इथंच सांगते, कारण ती मला यांनी त्याच दिवसांत सांगितली. पटाचे बैल तूप-कणीक खायचे, सावलीत बांधलेले असायचे, आणि त्यांना दमणीला, म्हणजे बाया-माणसं बसून गावाला जायच्या हलक्या गाडीला, कधी जुंपायचं नाही असा या घरचा नियम. दमणीला जुंपला की त्याचा पाय बिघडतो म्हणे. शेतीचे बैल शेतात, पटाचे बैल सावलीत. माझ्या सासूबाईंचं, आत्याबाईंचं, माहेर तिगावचं, पांढुर्ण्याच्याही पलीकडे. दरवेळी माहेरी जायचं निघालं की बैल मोकळे नसायचे. त्यांचे वडील वारले तेव्हा गावोगाव पटांचे दिवस होते. आत्याबाई पोचल्या त्या तिसऱ्या दिवशी. त्यानंतर त्यांनी माहेरचं नाव काढणंच सोडून दिलं.

मला त्या आवडत नव्हत्या, खरं सांगते. दिवसाला मोजून सहा वाक्यं बोलायच्या आणि त्यातली चार माझ्या पदराबद्दल असायची. माझ्या नोकरीबद्दल बऱ्या-वाईटाचा एक शब्द नाही. आणि वेळेच्या इतक्या पक्क्या की अंगावर काटा यावा. संध्याकाळी दारच्या चिंचेवर पाखरं बसली की आत्याबाईंनी काडी ओढलीच. आधी देवाचा दिवा, मग तुळशीचा, मग खिडकीतला कंदील. गल्लीतल्या बाया आमच्या खिडकीतला उजेड पाहून आपापले दिवे लावायच्या. "घरी असली तं चाळीस वर्षांत एक दिवस चुकली नाही," मामाजी पाहुण्यांना सांगायचे. म्हणजे माझी नोकरी या बाईच्या काडीपेटीवर अडकली होती.

तर फटफटी कोणती, यावर महिनाभर घरात वाद झाला. पहिली होती कामठीच्या लष्करी लिलावातली, हिरव्या रंगाची, रेड्यासारखी मजबूत. पण मागच्या चाकाला स्प्रिंगच नाही. "हिच्यावर बसून सौंसरपर्यंत आलीस तर घरी आल्यावर दात मोजून घे," हे मला म्हणाले. दुसरी नागपूरची, पाचशे सीसीची, दोन सिलिंडरची. ती रेतीत आडवी झाली तर उचलायला हमाल लागले असते, आणि पेट्रोल तर गटागटा प्यायची. सौंसरात तेव्हा पेट्रोल डब्यानं मिळायचं. तिसरी सव्वाशेची, चिमणीएवढी. चढ आला की मागच्यानं उतरून ढकलायचं.

चौथी यांच्या मनात भरलेली. रामाकोन्याच्या बाजूला मँगनीजच्या खाणीवर एक मद्रासकडचा इंजिनियर होता, त्याची. साडेतीनशेची, शर्यतीच्या बांधणीची. हँडल खाली वाकलेलं, गादी एकाच माणसाची, धुराचा नळा डाव्या बाजूनं वर उचललेला. मागच्या चाकाला दोन्हीकडे स्प्रिंगा, नव्या तऱ्हेच्या. इंजिनियर बदलून परत चालला होता. विकणारा माणूस, पण बोलला मात्र खरं. "बाबूजी, ये रेस का घोड़ा है, बाल-बच्चों का ताँगा नहीं."

"तेच मी म्हणून राहिलो," मामाजी म्हणाले. "पटाचा बैल दमणीले चालत नाही."

यांनी पहिल्यांदा बापासमोर तोंड उघडलं. "बाबा, हँडल बदलून उंच लावता येते. मागं दुसरी गादी बसवता येते, कॅरियर लावता येते. पाचशेचा जोर नाही पाह्यजे आपल्याले, अन् सव्वाशेचा जीव पुरत नाही. ही मधातली आहे. पळायले वाघ अन् फिरायले गाय."

"फोकनाड्या नोको मारू. पट लावून पाहू," मामाजी म्हणाले.

आणि त्यांनी खरोखरच पट लावला. आमच्या शेताच्या कडेला जिथं ते खोंडं पळवायचे त्या पट्टीवर चुन्याची आडवी रेघ ओढली. हिरवी गाडी आणि इंजिनियरची गाडी, दोन्ही मागवल्या. पण रिकामी गाडी पळवून काय कळणार? मागं सवारी असताना ती कशी चालते ते पाहायचं होतं. आणि सवारी म्हणजे मी. सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर सुनेला फटफटीवर बसवून पळवायचं, हे काही होणार नव्हतं. तेव्हा मामाजींनी जे केलं ते आठवलं की आजही माझे कान तापतात.

त्यांनी मला जिनिंगच्या काट्यावर नेऊन तोललं.

हो, तोललं! कापसाची गाठोडी जिथं तोलतात त्या काट्याच्या एका पारड्यात मी आणि दुसऱ्यात वजनं. हमालांनी बिचाऱ्यांनी तोंड फिरवलं होतं. मी डोळे मिटून बसले होते आणि मनातल्या मनात या घराण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. "एक मण अकरा शेर," काटेवाला म्हणाला. मामाजींनी तेवढीच सरकी पोत्यात भरून घेतली, तोंड शिवून घेतलं आणि म्हणाले, "आधी बोरा, मंग बाई."

ते पोतं मागं बांधून दोन्ही गाड्या पट्टीवर पळवल्या. मामाजी पळण्याकडे पाहतच नव्हते, रेघेपाशी उकिडवे बसले होते. हिरवी गाडी रेघ ओलांडून तुरीत शिरली. साडेतीनशेची पोत्यासकट रेघेच्या हातभर अलीकडे थांबली. पुन्हा पळवली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदाही तेच. मग मामाजी उठले, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाकीच्या खालच्या बाजूला एक पोचा होता त्यावर बोट फिरवलं. बैलाच्या अंगावरचा भोवरा पाहावा तसं.

"पोटाखाली आहे, चालते," ते म्हणाले. "अन् आयक बापू, पळते तं कोणीबी. थांबते कोण, ते पाहा लागते. हीच घे."

हे इतके खूश झाले की इंजिनियरलाच मिठी मारली. मला मात्र कोणी विचारलं नाही. पुढचे पंधरा दिवस हे ते पोतं मागं बांधून सौंसर-पांढुर्णा करत राहिले, खड्डा न् खड्डा पाठ केला. नवं उंच हँडल लावलं, मागं गादी बसवली. एकदा शाळेच्या फाटकाशी मला गाडी दाखवायला आले, तेव्हाही पोतं मागं बसलेलंच.

"ही कोण? माझी सवत?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले, एकदा तोंड नाही उघडलं बिचारीनं," हे म्हणाले.

गाडी घरी आणून तिला हळद-कुंकू लावलं त्या संध्याकाळी आत्याबाई पहिल्यांदा तिच्याजवळ आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बाईमाणूस बसते का याच्यावर?"

"एक मण अकरा शेर बसून राहिलं ना व पंधरा दिवसांपासून," मामाजी हसून म्हणाले.

आत्याबाई मागच्या गादीकडे पाहत राहिल्या. मग चिंचेवर पाखरं बसली म्हणून आत गेल्या.

फटफटीचा पहिला शनिवार उजाडला; तोवरच्या शनिवारी मोटार देवाच्या दयेनं वाटेत बसली नव्हती. शाळा दोनला सुटायची, दोन तासांचा रस्ता, म्हणजे चारला घरी. दिवस लहान होते तरी दिवेलागणीला भरपूर वेळ. पण माझं नशीब असं सरळ कधी चालतं? नव्या राज्याकडून एक तपासनीस आले आणि प्रत्येक बाईची कागदपत्रं नव्यानं तपासायला बसले. माझी पाळी शेवटची. त्यांनी विचारलं, "आप आगे नौकरी करेंगी न? पक्का लिखूँ?"  मी म्हटलं, "लिखिए." बाहेर आले तर साडेतीन वाजून गेले होते आणि हे फाटकाशी येरझारा घालत होते.

"बस लवकर," एवढंच म्हणाले.

मी बसले. सहावारी पातळ, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही पाय डाव्या बाजूला, दमणीच्या कडेला बसतात तशी. दुसरं कसं बसणार? हातात थैली. त्यात एक हिरवं नऊवारी लुगडं, कारण सौंसरच्या घरात गोल पातळ चालायचं नाही. लग्न झालं तेव्हाच तंटा होऊन तह झालेला: शाळेत पातळ, घरात लुगडं. वेशीजवळ एका ओळखीच्या घरी थांबून मी दर शनिवारी लुगडं नेसायची आणि मगच गल्लीत शिरायची.

पांढुर्णा सुटलं आणि पहिल्या कोसातच काहीतरी बिनसलं. गाडी सारखी डावीकडे ओढायची. हे उजवीकडे कलून ती सरळ करायचे, की खड्डा यायचा आणि पुढचं चाक नाचायचं.

"सरळ बस ना!"

"सरळच बसली आहे! गाडी वाकडी आहे तुमची!"

"पंधरा दिवस नव्हती वाकडी."

त्यात तो वर उचललेला धुराचा नळा. पाय खाली सोडावे तर पोटरीला चटका, वर धरावे तर तोल जातो. मी दातओठ खाऊन पाय हवेत धरून बसले होते. यांनी वेग अर्ध्यावर आणला. मी सूर्याकडे पाहत होते आणि तो मला कधी नव्हे एवढा घाईत दिसत होता.

एका नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे पाण्यातून जाणाऱ्या दगडी फरशीवर, व्हायचं ते झालं. रपट्यावर शेवाळ होतं. गाडी डावीकडे ओढली गेली, चाक सरकलं, आणि गाडी, हे आणि मी तिघंही वीतभर पाण्यात. कोणाला मोठं लागलं नाही. माझी पोटरी मात्र नळ्यावर चांगली भाजली. हे उठले, गाडी उभी केली, किक मारली. सुरू झाली. तिच्याकडे पाहून झाल्यावर मग माझ्याकडे पाहिलं.

"परत पांढुर्ण्याले जाऊ," हे म्हणाले. यांचा चेहरा उतरला होता. "अशी तू पडशील अन् मरशील. मी सांगतो बाबाले समजावून."

"काय सांगता? तुमच्या बाबांसमोर तुमची जीभ टाळूला चिकटते."

"तं काय करू? तूच सांग!" हे ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच ओरडले.

मी रपट्याच्या दगडावर बसले आणि रडले. खरंच रडले, नाक-डोळे पुसत, पोरीसारखी. तपासनिसाला पक्कं लिहा म्हणून सांगून दीड तास झाला नव्हता. सूर्य दोन हात वर उरला होता, अर्धा रस्ता बाकी. आणि या सगळ्या महिन्यात, दात पाहिले, भोवरा पाहिला, थांबते की नाही पाहिलं, पण बाई गाडीवर बसते कशी, हे एकाही शहाण्यानं पाहिलं नव्हतं! पोत्याला पाय नव्हते. पोतं एका बाजूला बसत नव्हतं.

रडता रडता मी थांबले.

"ते पोतं तुम्ही कसं बांधत होता?"

"कसं म्हणजे? मधात."

"मग मीही मधात बसते."

यांना कळायला जरा वेळ लागला. "मधात म्हणजे... माणसासारखी? दोन्हीकडं पाय टाकून? अन् लोकं?"

"लोकं गेले खड्ड्यात. तुम्ही तिकडं तोंड करा."

बाजूच्या शेतात तूर डोक्याएवढी उभी होती. मी तुरीत शिरले, भिजलेलं पातळ सोडलं आणि थैलीतलं नऊवारी काढलं. ज्या लुगड्यासाठी मी घरात दोन महिने कोणाशी बोलले नव्हते, तेच लुगडं. कासोटा असा आवळला की श्वास अडकावा. बाहेर आले, पाय टाकला, आणि पटाच्या छकडीवर धुरकरी, म्हणजे बैल हाकणारा, बसतो तशी बसले. पायाखाली दोन्हीकडे टेकायला जागा होती, उजव्या बाजूची तर आजवर कोणी वापरलीच नव्हती. डाव्या पोटरीवर नळ्याच्या बाजूनं पातळाची घडी बांधली.

"पळवा," मी म्हटलं.

आणि ती पळाली. बापा, काय पळाली! सरळ, सुतात ओवल्यासारखी. खड्डे येत होते आणि मागच्या स्प्रिंगा ते गिळत होत्या. मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, त्या भीतीत मला आनंदही होत होता. आयुष्यात इतक्या जोरात मी कुठंच गेले नव्हते. हे वळणावर हळू करत, तर मीच पाठीवर थाप मारून म्हणायची, "पळवा ना!"

सौंसर तीन कोस राहिलं असेल आणि समोर कापसाच्या बंड्या. दहा-बारा बैलबंड्यांची रांग, जिनिंगकडे निघालेली, रस्ताभर पसरलेली आणि धुळीत काही दिसेना. एक बंडी आडवी आली. यांनी ब्रेक दाबला. गाडी त्या बैलाच्या शिंगापासून हातभर अलीकडे थांबली. मामाजींच्या रेघेची मला आठवण झाली. त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेत असं वाटलं आणि त्याच वेळी त्याच्यामुळेच इथं मरायला आले याचा रागही आला.

बंड्या एकेक करून बाजूला होईपर्यंत सूर्य गेला. नुसता बुडाला नाही, मागं लालीही ठेवली नाही. बैलवाले माझ्याकडे पाहत राहिले. "अबे पाह्य, बाई पाह्य कशी बसली," एकजण म्हणाला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी फक्त आभाळाकडे पाहत होते.

चढ संपला आणि खाली सौंसर दिसलं. एक दिवा, बाजूला दुसरा, मग सगळी वस्ती. सगळीकडे दिवे लागलेले.

"हळू चालवा आता," मी यांच्या कानाशी म्हटलं. "घाई कशाची."

यांनी वेग कमी केला. वेशीवर लुगडं नेसायला थांबायचं कारणच उरलं नव्हतं. तशीच, दोन्हीकडे पाय टाकून, मी बाजारातून गेले. दुकानदार पायऱ्या उतरून पाहायला आले. मी मान खाली घातली नाही. नोकरी गेलीच होती, आता आणखी काय नेणार होते कोणी? सोमवारी चाळीस पोरी उभ्या राहतील आणि दारातून दुसरीच बाई आत येईल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आमच्या गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत उजेड होता आणि बाया ओट्यावर होत्या. पण त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या. आमच्या घराकडे पाहत होत्या.

आमचं घर अंधारात होतं.

 कोणाचं काही बरंवाईट तर नाही? मामाजी ओट्यावर काठी टेकून उभे होते. मी पाय वरून काढून खाली उतरले, ते त्यांनी पाहिलं. कासोट्याकडे पाहिलं, पोटरीवरच्या पातळाच्या घडीकडे पाहिलं.  मी त्यांच्या बाजूनं जाऊन उंबरा ओलांडला.

आत मिट्ट काळोख. त्यात बांगड्या वाजल्या आणि काडी ओढल्याचा आवाज झाला. उजेडात आत्याबाईंचा चेहरा दिसला. त्या देवापुढे पाटावर बसल्या होत्या. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे, काडीपेटी मुठीत घट्ट धरून धरून ओली झाली होती, पहिल्या दोन काड्या पेटल्याच नाहीत. तिसऱ्या काडीनं त्यांनी देवाचा दिवा लावला. हात जोडले.

मामाजी आत आले. "काहून व, आज दिव्याले एवढा उशीर?"

"वात नव्हती," आत्याबाई म्हणाल्या.

वातींनी भरलेली ताटली त्यांच्या मांडीवर होती. दुपारी वळलेल्या, पांढऱ्याशुभ्र, शंभरेक तरी. मामाजींनी ताटलीकडे पाहिलं. मग कोनाड्यातल्या गणपतीकडे पाहिलं, त्याच्या मागच्या चौघडीकडे पाहिलं.

"चाळीस वर्षांत पह्यल्यांदा," ते म्हणाले.

"हाव," आत्याबाई म्हणाल्या.

मामाजी मग बाहेर जाऊन यांच्याशी गाडीबद्दल बोलू लागले. कागदाला त्यांनी हात लावला नाही.

मी भिंतीला टेकून खाली बसले. आत्याबाईंनी तुळशीचा दिवा लावला, कंदील लावला, मग खोबरेल तेलाची वाटी घेऊन माझ्याजवळ आल्या आणि पोटरीवरची घडी सोडली. भाजलेलं पाहून जिभेनं चुकचुक केलं.  इतकी वर्षं या बाईबद्दल मनात काय काय म्हटलं होतं, ते सगळं आठवून मला लाज वाटत होती. त्यांनी तेल लावता लावता माझा कासोटा ओढून पाहिला, घट्ट आहे की नाही ते.

"अशीच बसली होती? पुरा रस्ता?"

"अर्धा रस्ता, आत्याबाई."

"भेव वाटते?"

"पहिले वाटते. मग नाही वाटत."

त्यांनी वाटी खाली ठेवली. बाहेर मामाजींचा आवाज येत होता, ते यांना गाडी कशी थांबली ते पुन्हा पुन्हा विचारत होते. आत्याबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिगाव किती दूर पडते व याच्यानं?"

"अडीच घंटे," मी म्हटलं. "लय झालं तर तीन."

त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला. मग स्वतःच्या लुगड्याच्या निऱ्या मुठीत धरून पाहिल्या.

"मी तं नऊवारीच नेसते," त्या म्हणाल्या.